पतंग विरुद्ध शार्क

‘बी अ शार्क!’

माझ्या एका क्लायंटच्या ऑफिसात कॉफी मशीनच्या वर हे पोस्टर लावलंय. निळंशार पाणी, वासलेला जबडा, दातांच्या रांगा आणि खाली पिवळ्या अक्षरांत हा उपदेश. मी पडले फ्रीलान्सर. चेक वेळेवर येवो न येवो, दहा ऑफिसांतली कॉफी मात्र हक्कानं पिते. आणि हल्ली जिथे जावं तिथे शार्कच! २०२१च्या डिसेंबरमध्ये ‘शार्क टँक इंडिया’ टीव्हीवर सुरू झालं तेव्हापासून तर विचारूच नका. मीटिंगमध्ये ज्याचा आवाज मोठा तो शार्क, टार्गेट फोडणारा शार्क, आणि सहाला बॅग उचलून घरी जाणारा बिचारा... तो नुसताच मासा.

खोटं कशाला बोलू, मीही ते पोस्टर जाम सीरियसली घेतलं होतं. गेल्या डिसेंबरात बदनापूरला जाईपर्यंत. तिथे चौथीतल्या एका पोरानं माझा सगळा फंडाच क्लिअर करून टाकला.

बदनापूर कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी : छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला निघालात की जालन्याच्या अलीकडे लागतं ते. तालुक्याचं गाव, रेल्वे स्टेशन, हायवे. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण गाव कदाचित तुमच्या डब्यात आहे. इथल्या कृषी संशोधन केंद्रात तुरीची वाणं तयार होतात, बीडीएन-७११ वगैरे. त्यातलं बीडीएन म्हणजे आमचं बदनापूर. पण तूर ही आमची शान, कापूस हा आमचा संसार. निदान माझ्या मामाचा तरी.

तर मामाकडे पोचले, हातपाय धुतले, मामीनं चहा दिला. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलं. “मामी, पिशवीतलं दूध? हे तर मला पुण्यातही मिळतं गं!” मामी हसली, काही बोलली नाही. हा चहा लक्षात ठेवा, आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

मॅच ठरली

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाबरोबर शेतात गेले. सोबत मामेभावाचा मुलगा, बारक्या. कपाशीच्या ओळींमध्ये काठीला टांगलेलं प्लास्टिकचं नरसाळं आणि त्याखाली लांब पिशवी, असे सापळे लावलेले. मामानं एका पिशवीची गाठ सोडली आणि तळहातावर आठ-दहा करड्या, मळकट पाखरांचा ढीग ओतला. करंगळीच्या नखाएवढी एकेक. मी म्हटलं, “हे एवढंसं?”

“एवढंसंच आहे माय,” मामा म्हणाला, “पण एका रातीत आठ सापडले, अन् लगोलग तीन राती सापडले, की समजायचं आपलं काही खरं नाही.”

हा गुलाबी बोंडअळीचा पतंग. शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला. सापळ्यातल्या गोळीला मादीचा वास असतो. तसा वास आता कारखान्यात बनवतात. नर बिचारा डेटला म्हणून येतो आणि पिशवीत अडकतो. म्हणून याला नाव कामगंध सापळा. (नावात कसला रोमान्स आणि आत कसला धोका... ओळखीचं वाटतंय ना काही जणांना?)

बारक्या पाखरं मोजत होता. मधेच मान वर करून म्हणाला, “आत्या, ह्याची अन् शार्कची फाइट झाली तर कोण जिंकेल?”

“कुठला शार्क?”

“सगळ्यात मोठा!”

सगळ्यात मोठा म्हणजे व्हेल शार्क. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा मासा. मी म्हटलं, चल, करूया मॅच. बारक्यानं बांधावर काटकीनं दोन रकाने आखले. एकावर ‘श’, दुसऱ्यावर ‘प’. मी मोबाईल काढला. रेंज होती, हे विशेष.

राउंड पहिला : साइझ

सगळ्यात मोठ्या व्हेल शार्कची लांबी १८ मीटरच्या घरात गेलेली आहे. म्हणजे एकामागे एक लावलेल्या दीड एसटी. कातडी काही ठिकाणी १० सेंटिमीटर जाड. पाठीवर पांढरे ठिपके, आणि प्रत्येकाचा ठिपक्यांचा पॅटर्न वेगळा, आपल्या बोटांच्या ठशांसारखा. २००५ साली शास्त्रज्ञांनी हे ठिपके ओळखायला चक्क आकाशातले तारे जुळवायची पद्धत वापरली. आणि हा काही हॉलीवूडचा पाहुणा नाही बरं का. आपल्याच अरबी समुद्रात, गुजरातपासून कोकणापर्यंत फिरतो.

पतंग? दोन्ही पंख पसरले तर दीड-दोन सेंटिमीटर.

श १, प ०. बारक्या खूश. फाइट आत्ताच संपणार असं त्याला वाटलं.

राउंड दुसरा : दात

इथे पोराचा पोपट झाला. व्हेल शार्कला सुमारे तीन हजार दात असतात, पण काडेपेटीच्या काडीच्या टोकापेक्षाही बारीक. त्यानं तो काही चावत नाही. आ वासून पोहतो, पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म जीव, माशांची अंडी, बारकी मासळी खातो. पाणबुडे त्याच्या शेजारी आरामात पोहतात. ‘बी अ शार्क’चं पोस्टर लावणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे, की शार्कांमधला सगळ्यात बडा माणूस आयुष्यभर सूपच पितो.

बरं, चावणारे शार्क? आहेत की. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर जिल्ह्यात, वैतरणेच्या पाण्यात, शार्कनं एका तरुणाचा पाय तोडला होता. पण जगाचा हिशेब काढला, तर २०२३ या अख्ख्या वर्षात काही खोडी न काढता शार्कनं माणसाला चावल्याच्या नोंदी ६९ आणि त्यात गेलेले १०. आपण माणसं वर्षाला किती शार्क मारतो? २०१३च्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंदाज सुमारे १० कोटी. आता सांगा कोणी कोणाचं पोस्टर लावायला पाहिजे!

आणि पतंग? तोही चावत नाही. पिकाला तोंडच लावत नाही. उद्योग करते ती त्याची अळी. अंड्यातून बाहेर पडली की थोड्याच वेळात कोवळ्या बोंडात शिरते, शिरलेलं भोक बुजून जातं, आणि आत बसून ती सरकी खाते. बाहेरून बोंड हिरवंगार, टवटवीत, एकदम फोटोजेनिक. फोडलं की आत सडका, पिवळा पडलेला कापूस. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात, आणि भावही तसाच मिळतो. अळी आत सुरक्षित, फवारा बाहेर वाया.

फवाऱ्यावरून आठवलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन २०हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या सगळ्याच फवारण्या काही गुलाबी अळीसाठी नव्हत्या, सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही. पण कपाशीवरची कीड आणि तिच्या भीतीनं पाठीवर घेतलेला पंप, यात एका जिल्ह्यातली माणसं एका हंगामात गेली. जगातल्या सगळ्या शार्कांना २०२३ साली तेवढं जमलं नाही.

बारक्यानं न विचारताच ‘प’खाली रेघ मारली. १-१.

राउंड तिसरा : पोरंबाळं

मला वाटलं, इथे पतंग एकतर्फी जिंकणार. पाखरूच ते, अंडी घालणार ढिगानं. पण ऐका. गुलाबी बोंडअळीची मादी आयुष्यात साधारण १०० ते २०० अंडी घालते. आणि १९९५ साली तैवानजवळ एक गाभण व्हेल शार्क पकडली गेली होती, तिच्या पोटात ३०० पिल्लं निघाली! तीनशे! पतंगापेक्षा जास्त.

श २, प १. बारक्या नाचायला लागला.

मामा इतका वेळ शांतपणे बोंडं फोडून बघत होता. तो म्हणाला, “अन् पुढची पिढी कधी होते त्या माशाची? ते बघ की.”

बघितलं. आणि मॅच तिथेच फिरली.

राउंड चौथा : टायमिंग

अंडं, अळी, कोष, पतंग, परत अंडं. हा सगळा फेरा साधारण एका महिन्यात संपतो. एका हंगामात चार-पाच पिढ्या सहज. व्हेल शार्कची मादी आई होण्याच्या वयात यायलाच २५-३० वर्षं घेते. आपल्यासारखंच, सेटल व्हायला वेळ लागतो बिचारीला!

आता हे दोन आकडे एका तारखेवर ठेवूया. मार्च २००२. भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली. ज्या महिको कंपनीनं तो आणला ती १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केली, आणि कुठे? आमच्या जालन्यात! मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की ते पान, ते बोंड खाणारी बोंडअळी मरते. शेतकऱ्याला आणखी काय पाहिजे? मामा सांगतो, पहिली काही वर्षं तर गोष्टीतल्यासारखी गेली. २००६ला दोन जनुकांचं नवं व्हर्जन आलं. मामाच्या घराला स्लॅब पडला तो त्याच सुमारास.

आणि पतंग काय करत होता? अपग्रेड होत होता. लाखो अळ्यांमध्ये एखादीला ते विष पचतं. बाकीच्या मरतात, ती उरते. तिची पोरं, मग त्यांची पोरं. २०१० साली गुजरातमध्ये पहिल्या व्हर्जनला ही अळी दाद देत नाही हे जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही देईना. २००२पासून आतापर्यंत पतंगाच्या शंभराच्या आसपास पिढ्या झाल्या. २००२ साली जन्मलेलं व्हेल शार्कचं पिल्लू? ते बहुधा अजून एकदाही आई झालेलं नाही.

यावर उपायही माहीत होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या, बिनबीटी कपाशीची. शेताच्या कडेनं तिच्या ओळी लावायच्या. त्यावर साध्या अळ्या जगणार, त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जोड्या जमवणार, म्हणजे पुढची पिढी पुन्हा मरणारी. हिरवी बोंडअळी तूर, हरभरा असं बरंच काही खाते, त्यामुळे तिच्या साध्या पिढ्या आपोआप दुसरीकडे वाढत राहतात. गुलाबीचं तसं नाही. तिला कपाशीच पाहिजे. म्हणून ती पुडी महत्त्वाची होती.

“मग लावली होती का?” मी विचारलं.

मामा जरा वेळ गप्प बसला. “एखाद्या वर्षी लावली. पुढं बांधावर फेकून दिली, बाई. आपणच कीड पोसायची, हे कोणाच्या डोक्यात शिरतंय? सगळेच फेकायचे.”

श २, प २.

मधली गोष्ट

आता तो चहा.

२०१७ साली मी पुण्यात मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझे बाबा लवकर गेले, त्यामुळे फी मामा भरायचा. कापूस विकला की डिसेंबरात पैसे यायचे. त्या वर्षी डिसेंबरात पैसे नाही, फोन आला. “थोडं थांब माय, औंदा कापूस हाती लागला नाही.” त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा आणि विदर्भाचा कापूस पोखरून काढला होता, पेपरात रोज बातम्या होत्या. मी त्या बातम्यांवर कॉलेजात असाइनमेंट केली, मार्कही चांगले पडले. पण घरी मात्र जाम तणतणले. मैत्रिणींसमोर लाज वाटते, लेट फी लागते, तुम्हाला कळत नाही... असं बरंच काही बोलले. महिन्याभरात फी आली. मी विषय सोडून दिला.

बांधावर बसून मी सहज विचारलं, “मामा, तुमची म्हैस कधी विकली?”

“सतराला,” मामा म्हणाला. एवढंच. आणि पुढच्या सापळ्याकडे गेला.

मी आकडेमोड करत बसले. बारक्या विचारत होता, आत्या, पाचवा राउंड कधी? मला काही बोलवेना. आठ वर्षं मी त्या घरात येऊन पिशवीच्या दुधावरून नाकं मुरडत होते.

राउंड पाचवा : माणूस

शेवटचा राउंड मामानंच सुचवला. म्हणाला, “माणूस आडवा आला की कोण टिकतं, ते बघा.”

व्हेल शार्कचं आधी. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी त्याची सर्रास शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांना लावायला, मांस परदेशात. माइक पांडे यांनी त्यावर ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला, आणि २००१ साली कायद्यानं व्हेल शार्कला वाघाच्या रांगेत बसवलं. पण कायदा समुद्रात पोचतो कुठे? पोचला तो २००४ साली मोरारी बापूंमुळे. त्यांनी सांगितलं, ही माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आहे. नाव पडलं ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. तेव्हापासून तिथल्या कोळ्यांनी शेकडो व्हेल शार्क स्वतःचं जाळं कापून सोडले. आपल्याकडेही डिसेंबर २०१८पासून योजना आहे. संरक्षित प्राणी सोडताना जाळं फाटलं तर कांदळवन कक्षाकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. म्हणजे शार्क वाचवायला एका माणसानं एका क्षणी तोटा सोसला तरी पुरतं. सुरी काढायची, जाळं कापायचं, संपलं. तरीही २०१६पासून तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतच आहे. तीस वर्षांनी आई होणाऱ्याला सावरायला वेळ लागतोच.

आणि पतंगाला हरवायचं तर? शूरपणा नाही चालत, सगळ्यांनी मिळून कंटाळवाणं काम करावं लागतं. डिसेंबर संपेपर्यंत कापूस काढून टाकायचा. फरदड घ्यायची नाही, म्हणजे त्याच झाडांना पाणी देऊन आणखी दोन-तीन महिने वेचणी करायची नाही. पऱ्हाट्या बांधावर रचायच्या नाहीत, कारण अळी त्यातल्या वाळल्या बोंडांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत झोपून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात उठते. आणि हे एकट्यानं करून उपयोग नाही, पतंगाला बांध कळत नाही. अमेरिकेनं हे करून दाखवलंय. बीटी, कामगंध, वांझ केलेले पतंग आणि ठरलेल्या तारखेच्या आत शेतं नांगरून २०१८ साली गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. तिथे शेतकरी थोडे, शेतं मोठी. आमच्याकडे पाच एकरांत तीन भावांचे तीन हिशेब.

फरदडीचा कापूस म्हणजे हातात येणारे पैसे. जानेवारीत, लग्नसराईत. “ठेवणार का या वर्षी?” मी विचारलं. झाडांवर अजून हिरवी बोंडं होती. मामानं एकेक करून पाच फोडली. दोन किडकी, तीन चांगली. तीन चांगली! नाही म्हणणं किती अवघड असतं ते मला त्या तीन बोंडांमुळे कळलं. पोस्टरमधला शार्क म्हणाला असता, घे, जेवढं मिळतंय तेवढं ओरबाड.

मामानं दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर सांगितला.

शेजारच्यांनी मात्र फरदड ठेवली. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, त्यांच्या पोरीचं मार्चमध्ये लग्न होतं. मामाही त्यांना काही बोलला नाही. संध्याकाळी दोघं एकाच बाकावर तंबाखू मळत बसले होते.

फायनल स्कोअर

बारक्याला मी निकाल दिला तो असा : शार्क मोठा आहे म्हणून हरतो, पतंग छोटा आहे म्हणून जिंकतो, असं नाही. पतंग आपल्यापेक्षा लवकर बदलतो आणि शार्क लवकर बदलूच शकत नाही. एकाला आपण घाई करून जिंकवलं, दुसऱ्याला घाई करून हरवत आणलं. त्याला हे फारसं पटलं नाही. त्यानं मॅच ड्रॉ लिहिली आणि क्रिकेट खेळायला पळाला.

पुण्याला परतल्यावर मी त्या क्लायंटकडे गेले. पोस्टर होतंच. कॉफी घेतली, त्यात पिशवीतलं दूध घातलं आणि काहीही न बोलता प्यायले. पहिला चेक आला तेव्हा मामाला फोन करून म्हशींचे भाव विचारले. तो म्हणाला, “आता तुझ्या मामीच्यानं धारा काढणं होत नाही माय, राहू दे.” काही बिलं लेट फी भरूनही फिटत नाहीत, दोस्तांनो.

यंदाची कपाशी आता कमरेएवढी झाली आहे. परवा रात्री बारक्याचा आबांच्या फोनवरून व्हॉइस मेसेज आला : “आत्या, आज सापळ्यात फक्त दोन!” मी उड्याच मारल्या. मग मागून मामाचा आवाज आला, “आत्ताच नाचू नका म्हणावं. शेजारच्या बाजूच्या सापळ्यात पाच हायेत. ऑक्टोबरात बघू.”

तुमच्या कपाटात जेवढे कॉटनचे शर्ट, कुर्ते आहेत, तेवढ्यांच्या वतीनं मी ऑक्टोबरची वाट बघतेय.